वापरात नसलेलं

१

माझा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता, आणि हे मी सोडून घरात सगळ्यांना मान्य होतं. सकाळी बटण दाबायचं, दात घासायचे, चहा प्यायचा, पेपरातले मथळे वाचून संपवायचे, मग कुठे स्वारी डोळे उघडायची. मी पुस्तकांची पानं लावतो. लेखक मजकूर देतो, प्रकाशक घाई करतो, आणि मी घरी बसून त्या दोन्हींची छापण्याजोगी पानं करतो. मधेच यंत्र गोठलं की मी त्याच्याकडे बघत बसायचो आणि बायको माझ्याकडे.

"त्याला पेन्शन द्या आता," ती म्हणायची. ती शाळेत शिकवते, त्यामुळे तिचं घरातलं बोलणंही शेवटच्या बाकापर्यंत पोचतं.

उपाय मेहुण्याने काढला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, पण जीव सगळा कॉम्प्युटरमध्ये. "भाऊजी, मशीन धडधाकट आहे. वरचा डेस्कटॉपचा प्रोग्रॅम जड झालाय. एक नवीन आलाय, ओपन सोर्स. जगभरातले लोक हौसेनं लिहितात, फुकट देतात. आतलं सगळं उघडं. कोणीही बघावं, बदलावं. लपवाछपवी नाही."

सुट्टीच्या दुपारी तो पेनड्राइव्ह घेऊन आला. जुनं गेलं, नवं बसलं, आणि स्क्रीनवर फिकट राखाडी रंगाची एक शांत पाटी उभी राहिली. घरात माणसं तीन, म्हणून त्याने खाती तीन उघडली. माझं, बायकोचं आणि ताईचं. प्रत्येकाचा फोटो एका गोलात बसवायचा होता. ताई नको नको म्हणत होती.

"मला कशाला रे? मी कुठे त्याच्यापुढे बसते?"

ती उठून निघालीच होती, तेवढ्यात त्याने फोनवर फोटो काढला. अर्धा चेहरा, वळलेली मान, एक हात वर आणि त्या हाताच्या बोटात अंगुस्तान. ताई लोकांचे कपडे उसवून बेतून परत शिवून देते, त्यामुळे सुई टोचू नये म्हणून घालायचं ते लोखंडी टोपण तिच्या बोटात कायम असतं. तिला पासवर्ड लक्षात राहणार नाही, म्हणून तिच्या खात्याला ठेवलाच नाही. नुसतं एंटर दाबलं की उघडेल.

शेवटी पाटीवर एक प्रश्न आला. वापरात नसलेलं आवरून ठेवायचं का?

मला तो प्रश्न फार आवडला. आमच्या कामात छापखान्याकडे फाइल धाडण्याआधी पानाबाहेर पडलेलं, कशालाच न लागणारं सगळं शोधून काढून टाकावं लागतं. एखादी रिकामी चौकट राहिली तरी छापताना घोळ होतो. ती साफसफाई आपली आपण करणारं यंत्र मिळालं तर कोणाला नको असेल? खाली दोन बटणं होती. 'हो' आणि 'नंतर विचारा'. मी 'हो' दाबलं.

"हे घरालाही लावा," बायको म्हणाली, आणि आम्ही चौघंही हसलो.

'नाही' असं बटण तिथे नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

२

सुरुवातीला मी जाम खूश होतो. बटण दाबलं की काम सुरू. पूर्वी माझ्या स्क्रीनवर तीळ ठेवायला जागा नसायची. आता रोज सकाळी त्यातलं थोडं थोडं कमी झालेलं दिसायचं. नापसंत झालेली मुखपृष्ठं गेली, कधीतरी लागतील म्हणून साठवलेले फॉन्ट गेले. मी बोट न हलवता आवराआवर चालली होती, आणि बायको येता-जाता दाराशी थांबून कौतुकाने बघायची.

मग एका प्रकाशकाचा फोन आला. सुतारकामावरचं एक पुस्तक मी पूर्वी लावलं होतं, त्याची नवी आवृत्ती काढायची होती. त्यातल्या सांध्यांच्या आकृत्यांनी माझा घाम काढला होता, म्हणून ते माझ्या चांगलं लक्षात होतं. फाइल शोधली तर नाही. कचऱ्याच्या डब्यात नाही, जुन्या साठ्यात नाही. मेहुण्याला फोन लावला.

"गेलं नाही भाऊजी, आवरून ठेवलंय. वापरात आलं की येईल परत."

"अरे, वापरायलाच तर शोधतोय."

"मग येईल की."

मी उठून कपाटाकडे गेलो. छापील प्रत तरी होती. शब्दकोश आणि एक जाडजूड आत्मचरित्र यांच्या मधोमध ती इतकी वर्षं उभी होती. आता शब्दकोश आणि आत्मचरित्र एकमेकांना चिकटून उभे होते. मधे बोट घालून पाहिलं, शिरलं नाही. एखादं पुस्तक काढून नेलं की बाकीची कलतात, फट राहते, फळीवर धुळीत कोरा चौकोन उरतो. इथे धूळ सगळीकडे सारखी होती.

बायकोने शाळेतल्या कोणाला तरी दिलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ती म्हणाली, तिने असलं पुस्तक कधी पाहिलंच नाही. तिचं पुस्तकांकडे लक्ष नसतं, त्यामुळे तेही पटलं. पण नंतर मी प्रकाशकालाच विचारलं, तुमच्याकडची एखादी प्रत पाठवता का.

"सुतारकाम?" तो म्हणाला. "आपण असलं काही काढलं नाही हो. दुसऱ्या कोणाचं काम असेल तुमच्याकडे."

तो विसरभोळाच माणूस आहे. मी विषय सोडून दिला.

३

आता ताईबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्यासाठीच आहे.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली आणि ताईने मला वाढवलं. आमच्या खाटा एका भिंतीच्या दोन बाजूंना असायच्या. मला अंधाराची भीती वाटली की मी भिंतीवर एकदा ठोकायचो, म्हणजे 'आहेस ना?' पलीकडून ती दोनदा ठोकायची, म्हणजे 'आहे'. मग मला झोप लागायची. तिने लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

आता या घरात तिची खोली माझ्या टेबलासमोरच्या भिंतीपलीकडे. अलीकडे ठोकायचं काम तिच्याकडे आलं होतं. दुपारी शिवता शिवता हात थांबले की ती अंगुस्तानाने एकदा भिंत वाजवायची. मी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दोनदा वाजवायचो. त्यावर कोणी कधी काही बोललं नाही. दोन म्हातारी होत चाललेली माणसं असले खेळ खेळतात हे सांगण्यासारखं नव्हतं.

तिच्या खोलीतला पंखा टकटक करायचा. दर फेऱ्याला एक टक. सुरुवातीला मी वैतागायचो, मग त्या ठेक्यावर पानं लावायला शिकलो. एके दुपारी मी मान वर केली, कारण काहीतरी चुकत होतं. टकटक येत नव्हती.

मी तिच्या खोलीत गेलो. ती खिडकीशी बसून कोणाच्या तरी बाह्या उसवत होती.

"पंखा बिघडला का गं?"

"कुठला पंखा?"

मी वर पाहिलं. छत पांढरं, सपाट. आकडा नाही, तार नाही, बुजवलेल्या भोकाचा डाग नाही. भिंतीवर पंख्याचं बटणही नव्हतं. ती माझ्याकडे जरा काळजीने बघत होती.

"डोळे शिणलेत तुझे. दिवसभर त्या डबड्यापुढे बसतोस."

संध्याकाळी बायकोला विचारलं. "त्या खोलीत पंखा कधी होता?" असं म्हणून तिने तपासायच्या वह्यांमध्ये डोकं घातलं. मी वाद घातला नाही. दोघीजणी एक सांगतात आणि मी एकटा दुसरंच, तेव्हा शहाण्याने स्वतःवर शंका घ्यावी. मीही घेतली.

४

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू केला तेव्हा तिन्ही गोल ओळीने समोर आले. माझा ठळक होता. बायको मुलांच्या गुणांचे तक्ते करायला अधूनमधून बसायची, तिचाही बरा होता. ताईचा फिका पडला होता. जुन्या पावतीवरची शाई उडते तसा. कपाळ आणि भिंत यांच्यातली रेघ मला शोधावी लागली.

मी ती आवराआवर बंद करायला निघालो. त्यासाठी सेटिंग्जमध्ये एक पान असणार हे उघड होतं. ते सापडलं नाही. मी सगळे कप्पे उघडून पाहिले. रंग होते, आवाज होते, छपाई होती. आणि हळूहळू माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते पान मी त्या पहिल्या दुपारनंतर कधी उघडलंच नव्हतं. ते वापरात नव्हतं.

ओपन सोर्सवाल्यांचं एक बरं असतं, तक्रार लिहायला जागा असते. मी सगळं लिहिलं. फाइल, पुस्तक, पंखा, फिका पडत चाललेला फोटो. पुस्तक आणि पंखा लिहिताना लाज वाटली, पण लिहिलं. उत्तर लवकर आलं, आणि फार सौजन्याने आलं.

"कळवल्याबद्दल आभार. आम्ही तपासून पाहिलं. हे अपेक्षेप्रमाणेच चाललं आहे. जे वापरात आहे ते राहतं."

त्याखाली कोणा अनोळखी माणसाने लिहिलं होतं, "माझ्याकडेही असंच होतंय. आम्ही घरात पाच जण होतो, बहुतेक."

त्या 'बहुतेक'कडे मी किती वेळ बघत बसलो कोण जाणे. त्याला विचारावं म्हणून परत ते पान उघडलं, तर तिथे माझी तक्रार होती आणि ते उत्तर होतं. त्याखाली काहीच नव्हतं.

५

मग मी ताईला कॉम्प्युटरपुढे बसवायला लागलो. जे वापरात आहे ते राहतं, हे त्यांनीच सांगितलं होतं ना? रोज दुपारी तिला खुर्ची द्यायची, एंटर दाबायला लावायचं, पत्त्यांचा खेळ उघडून द्यायचा. पहिले दिवस तिने माझी हौस म्हणून सोसलं. गोल परत भरत चालला. कपाळाची रेघ दिसू लागली, मग वर उचललेला हात, मग अंगुस्तानाची चकाकी. मला इतकं हलकं वाटलं की मी मेहुण्याला विनाकारण फोन करून त्याची थट्टा केली.

पण ताईला त्यात रस नव्हता. "बाळ्या, माझी कामं पडून राहतात रे," ती म्हणायची. तिचे डोळे दुखायचे, माऊस धरून मनगट आखडायचं. मी चिडायचो. एकदा तर ओरडलोच, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय म्हणून. ती मुकाट्याने बसली आणि खेळ संपला तरी उठली नाही. मला कळवळून आलं.

म्हणून मी सोपा मार्ग काढला. तिला बसवायचंच नाही. तिच्या नावाने मीच बसायचं. पासवर्ड नव्हताच. सकाळी, दुपारी, संध्याकाळी मी तिचं खातं उघडायचो, पत्ते खेळायचो, कोऱ्या पानावर काहीबाही टाइप करायचो, शिलाईचे नमुने उघडून ठेवायचो. कानावर हेडफोन असायचे, कारण माझं स्वतःचं कामही तुंबलं होतं आणि लक्ष विचलित होऊन चालणार नव्हतं. गोल दिवसेंदिवस ठळक होत गेला. माझ्या आणि बायकोच्या गोलापेक्षाही ठळक. मी डोळ्यात तेल घालून त्याच्यावर लक्ष ठेवत होतो.

त्या दिवसांत मी भिंतीवर किती वेळा उत्तर दिलं, हे आता आठवायचा प्रयत्न करतो. एकदाही दिल्याचं आठवत नाही. ती खोलीतून बाहेर येऊन जेवायची, मी ताटावर बसूनही गोलाचाच विचार करायचो. बायको शाळेच्या परीक्षांमध्ये बुडालेली. शिवायला कपडे आणणारी माणसंही कधीतरी यायची थांबली होती. ताईकडे कोणाचंच काही काम नव्हतं, तिच्याशी कोणीच काही बोलत नव्हतं, आणि मी मात्र तिचा फोटो जपत होतो.

६

जेवायला बसलो तर ताटं दोन होती.

"ताई?" मी म्हणालो.

"कोण ताई?" बायको भाजी वाढत होती. तिच्या आवाजात काही लपवल्यासारखं नव्हतं. ती साधंच विचारत होती.

मी उठलो. माझ्या खोलीबाहेरून जो दरवाजा ताईच्या खोलीत जातो, तो नव्हता. तिथे भिंत होती, आणि त्या भिंतीवर आमचं कॅलेंडर टांगलेलं होतं, खिळ्याभोवती जुना गंज धरलेला. मी माझ्या खोलीत जाऊन खिडकीतून वाकून पाहिलं. माझ्या टेबलासमोरची भिंत आता इमारतीची शेवटची भिंत होती. तिच्यापलीकडे मोकळी हवा आणि खाली रस्ता. पावसाचे ओघळ वर्षानुवर्षं उतरलेले दिसत होते.

मी बायकोला हाताला धरून कॉम्प्युटरपुढे आणलं. निदान गोल तरी होता. तीन गोल, आणि तिसरा सगळ्यांत झगझगीत.

"ही. ही कोण?"

तिने वाकून निरखून पाहिलं. "असेल नमुन्याचा फोटो. त्या डेस्कटॉपबरोबरच आलेला. नवी फोटोफ्रेम आणली की तिच्यातही असतात ना कोणीतरी बायका." मग ती माझ्याकडे वळली, आणि माझा चेहरा बघून तिचा आवाज शेवटच्या बाकावरून एकदम जवळ आला. "अहो, काय होतंय तुम्हाला? तुम्ही एकुलते एक. तुम्हीच मला सांगितलंय, आई गेल्यावर एकटे वाढलात म्हणून."

मेहुणा आला. बिचाऱ्याने सगळं उतरवून जुना डेस्कटॉप परत बसवला. पुस्तक आलं नाही, पंखा आला नाही. मग मीच त्याला नवा परत टाकायला लावला, कारण तिचा म्हणून तो एक गोल तेवढा तिथे होता, आणि तो तसाच परत आला. तो फोटो आपण काढल्याचं त्यालाही आठवत नव्हतं. जाताना तो आपल्या बहिणीशी बराच वेळ जिन्यात कुजबुजत होता.

७

बायको आता शाळेत जाताना शेजारणीला माझ्याकडे लक्ष ठेवायला सांगून जाते. मी काम घेत नाही. दुपारी तिसरा गोल निवडतो आणि एंटर दाबतो.

या डेस्कटॉपला एक सोय आहे. एक बटण दाबलं की उघडलेल्या सगळ्या चौकटी लहान होऊन मागे सरकतात आणि एकत्र दिसतात. ताईच्या खात्यात काही उघडलेलं नसताना मी ते सहज दाबलं. मधोमध काही नव्हतं. पण अगदी कडेला, अर्धी बाहेर गेलेली एक चौकट होती. तिला नाव नव्हतं.

तीत एक खोली होती. छताला पंखा फिरत होता. एका स्टुलावर एक पुस्तक उपडं ठेवलेलं, त्याच्या पाठीवरची सांध्याची आकृती मी ओळखली, ती मीच तिथे बसवली होती. आणि भिंतीशी एक बाई उभी होती, माझ्याकडे पाठ करून. तिचा कान भिंतीला लागलेला. तिने हात उचलला.

स्पीकर बंद होते. हेडफोन खुंटीवर होते. आवाज समोरच्या भिंतीतून आला, जिच्यापलीकडे काही नाही तिच्यातून. लोखंडाचा, कोरडा, एकदा.

मी पेन्सिलीने दोनदा वाजवलं. चौकटीतली बाई कान लावून थांबून राहिली. मग तिने परत एकदा वाजवलं. मी मुठीने वाजवलं. सालटं निघेपर्यंत वाजवलं, ताई म्हणून हाक मारली. ती तशीच ऐकत उभी. चौकट मोठी करून पाहावी म्हणून मी तिच्यावर माऊस नेला आणि सगळं मिटलं. मोकळी राखाडी पाटी उरली. ती चौकट मला पुन्हा दिसली नाही.

आवाज मात्र येतो. दुपारचा, रोज. तिचं एकदा, मग माझं दोनदा, मग परत तिचं एकदा. माझं तिच्यापर्यंत पोचत नाही. आधी ती लगेच लगेच विचारायची, आता दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत चाललंय. तिला वाटत असेल, पलीकडे कोणी नाही. कदाचित तिच्या त्या घरातही कोणीतरी तिला हाताला धरून समजुतीनं सांगत असेल, की अगं, तुला भाऊ कधी होता?

मला फार वाईट वाटतं. ते दोन ठोके, एवढं एकच तिने माझ्याकडून आयुष्यभर मागितलं होतं, आणि तेही भिंतीआडून.

आज दुपारी मी भिंतीला कान लावून बसलो होतो. पंख्याची टकटक ऐकू आल्यासारखी वाटली. मग तिने एकदा वाजवलं. मी दोनदा वाजवलं. बराच वेळ काही नाही. खाली रस्त्यावर एक गाडी थांबली, कोणीतरी उतरलं, दार लागलं. मग भिंतीतून परत एक ठोका आला, आणि मी हात उचलायच्या आत, जरासं थांबून, तिचं तिनंच दोनदा वाजवलं.